कायदा एक, परवाने छत्तीस तऱ्हांचे

राज्यात कुठे गोळीबार झाला की पुढचे आठ दिवस एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, महाराष्ट्राने स्वतःचा कडक शस्त्रकायदा करावा; अमेरिकेत कॅलिफोर्निया करते, न्यूयॉर्क करते, मग आपल्याला कुणी अडवले आहे? दुसरी बाजू म्हणते, गुंडांकडे कट्टे आहेत आणि सज्जनाच्या घरात धड काठीही नाही, तेव्हा परवाने सैल करा. नवव्या दिवशी दुसरी बातमी येते आणि वाद तिथेच राहतो. मला दोन्ही बाजूंचा राग येत नाही, कंटाळा येतो. दोघांनीही ज्या कायद्यावर भांडायचे तो उघडून पाहिलेला नसतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. राज्याला वेगळा शस्त्रकायदा नको आणि तो करताही येणार नाही. पण एकच केंद्रीय कायदा असूनही प्रत्येक जिल्ह्याने परवान्याच्या टेबलावर आपापला वेगळा कायदा चालवला आहे. भांडण तिथे व्हायला हवे.

आधी करता का येणार नाही ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रसूचीची पाचवी नोंद शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके यांची आहे. म्हणजे विधानसभेत कितीही एकमताने ठराव झाला तरी कुठली बंदूक प्रतिबंधित आणि कुठली नाही, हे मुंबईत ठरत नाही. ते १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत ठरलेले आहे. तिथे 'प्रतिबंधित' या शब्दाचा अर्थही आपण समजतो त्याहून नेमका आहे. घोडा दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असे कोणतेही शस्त्र. विषारी द्रव किंवा वायू सोडणारे शस्त्र. तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे. आणि केंद्र सरकार अधिसूचनेने त्यात भर घालील ती. कलम ७ म्हणते की केंद्राच्या खास परवानगीशिवाय हे कुणाजवळही असता कामा नये. १९९३ च्या खटल्यात संजय दत्तच्या घरी एके-५६ येऊन गेली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा सहा वर्षांवरून पाचवर आणली. ही पाच वर्षे तेव्हाच्या कायद्याने प्रतिबंधित शस्त्रासाठी ठरवलेली किमान शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही किमान मर्यादा सात वर्षांवर गेली आहे आणि कमाल चौदावर.

याच्या खाली दुसरी पायरी आहे आणि खरा घोळ तिथे आहे. लोक सर्रास 'पीबी' आणि 'एनपीबी' म्हणतात, प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड बोअर; बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास. नियमांच्या भाषेत पहिला सगळा गट 'प्रतिबंधित' नाही, त्यातला बराचसा 'निर्बंधित' आहे: लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची काडतुसे चालतील अशी रायफल, लष्करी नऊ मिलिमीटरचे काडतूस चालेल असे पिस्तूल, .४५५ चे रिव्हॉल्व्हर. त्यांचा परवाना कलेक्टर देत नाही, दिल्लीत गृह मंत्रालय देते. .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मात्र जिल्ह्यात मिळते, आणि म्हणूनच ज्याच्या-त्याच्या कमरेला बत्तीस बोअर दिसते. आता विचार करा, .३२ ची गोळी छातीत लागली तर माणूस जगतो आणि नऊ मिलिमीटरची लागली तर मरतो, असे आहे का? ही रेघ शेजाऱ्याच्या जिवासाठी ओढलेलीच नव्हती. लष्कराचे काडतूस लष्कराबाहेरच्या बंदुकीत बसू नये, एवढाच तिचा हेतू. ती ओढली तेव्हा सरकारला भीती रयतेची होती, रयतेला एकमेकांची किती आहे हा प्रश्न सरकारला पडलाच नव्हता.

हा संशय जुना आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांचा कायदाही केला आणि शस्त्रांचाही. त्याच्या जागी आलेल्या रिपनने चार वर्षांत वृत्तपत्रांचा कायदा मागे घेतला, शस्त्रांचा तसाच ठेवला. लेखणीपेक्षा बंदुकीची धास्ती टिकाऊ ठरली. युरोपियनांना परवान्यातून सूट आणि हिंदी माणसाला बंदी, हा त्या कायद्यातला अपमान इतका बोचरा होता की अहिंसेच्या पुजाऱ्यानेही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सगळ्यात काळा ठरेल, असे लिहिले. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या चौकटीत का होईना, मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता. आणि तो काळा कायदा अडवत काय होता? सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, ती पोचली आणि डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांतल्याच एकाने कलेक्टर जॅक्सन मारला गेला. ज्याला पिस्तूल हवेच होते त्याला मिळाले. शेताच्या बांधावर रानडुकरांपुढे जो हतबल उभा होता तो मात्र अर्ज खरडत राहिला.

घटना समितीत ह. वि. कामथांनी कराचीच्या त्या ठरावाची आठवण देत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती मानली नाही. असा हक्क सरसकट दिला तर अट्टल गुन्हेगारही तो मागेल, हा त्यांचा रोख होता. मला तो आजही पटतो. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, ती सवलत आहे. पण सवलत म्हटली की ती कोण, कुणाला आणि कशावरून देतो हाच सगळा प्रश्न होऊन बसतो, आणि नेमका तोच प्रश्न आपण विचारत नाही.

राज्याच्या वेगळ्या कायद्याची मागणी करणाऱ्यांचा सगळ्यात जड मुद्दा हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, तळकोकणातला काजूवाला, गडचिरोलीतला पोलीस पाटील आणि बोरिवलीतला बिल्डर यांना एकच कायदा कसा पुरेल? कर्नाटकातल्या कोडव समाजाला केंद्रानेच परवान्यातून सूट दिलेली आहे, म्हणजे स्थानिक वेगळेपण दिल्लीलाही मान्य आहे. शिवाय अमेरिकेत राज्यांनी आपापले कायदे केल्याने काहीच साधले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. स्टॉकटनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये पहिला 'असॉल्ट वेपन' (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका) बंदी कायदा केला, सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटने २०१३ मध्ये बंदी आवळली, इलिनॉयने २०२३ मध्ये. कडक कायद्यांच्या राज्यांत बंदुकीने होणारे मृत्यू लोकसंख्येच्या मानाने साधारणपणे कमी दिसतात. वॉशिंग्टन हलत नसेल तर निदान राज्याने हलावे, या भावनेला मी नावे ठेवणार नाही.

पण त्याच अमेरिकेची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. शिकागोतल्या गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग शहराने काढला, २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, आणि साठ टक्क्यांच्या आसपास बंदुका इलिनॉयच्या बाहेरून आल्याचे निघाले. सगळ्यात जास्त शेजारच्या इंडियानातून. कायदा शिकागोत कडक होता, दुकान तासाभराच्या अंतरावर सैल होते. उलटीकडून पाहा. पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेला माणूस डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरला की त्याच पिस्तुलापायी गुन्हेगार ठरतो, कारण न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. एडिसन आणि जर्सी सिटीत राहणारी आपली मंडळी हा पूल दर शनिवार-रविवारी ओलांडतात. त्यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या ओळखीच्याला विचारा. आणि बंदी तरी कशावर? कॅलिफोर्नियाने पुढे व्याख्येत बंदुकीची 'लक्षणे' मोजली: पिस्तुलासारखी मूठ, दुमडता दस्ता, निघणारे मॅगझिन. कारखानदारांनी मॅगझिनच्या कळीवर अशी तजवीज केली की ती बोटाने दाबली जात नाही, काडतुसाच्या टोकाने दाबावी लागते. झाले, मॅगझिन कायद्यापुरते 'न निघणारे' झाले. ही पळवाट बुजवायला कॅलिफोर्नियाला २०१६ उजाडले. बाह्यरूपावर बंदी घातली की बाह्यरूप बदलते. या बाबतीत आपली १९५९ ची व्याख्या शहाणी आहे, ती बंदूक दिसते कशी हे पाहत नाही, चालते कशी हे पाहते.

आणि राज्यागणिक वेगळ्या कायद्याचा धडा शिकायला शिकागोपर्यंत जायचे कारणच नाही. १९४७ पर्यंत आपण त्यातच राहत होतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा शस्त्रकायदा संस्थानांत लागू नव्हता, प्रत्येक दरबाराची तऱ्हा निराळी होती. पुण्याहून निघालेल्या माणसांना धड पिस्तूल मिळेना, ते शेवटी ग्वाल्हेरला गेले, आणि तिथे मिळालेले बेरेटा ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनाच्या बागेत चालले. कायदा जिथे संपतो तिथून बंदूक निघते. १९५९ चा एकच कायदा साऱ्या देशाला लागू झाला, ही मोठी कमाई होती. ती आज 'राज्याची अस्मिता' म्हणून मोडीत काढायची?

मग सगळे ठीक आहे का? अजिबात नाही. कारण ग्वाल्हेर मागच्या दाराने परत आले आहे. कायदा केंद्राचा असला तरी बिनप्रतिबंधित शस्त्राचा परवाना देतो जिल्हाधिकारी, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून जास्त परवाने नियम धाब्यावर बसवून दिले गेल्याचा आरोप ठेवून सीबीआयने तपास केला. ज्यांना दिले त्यांतले अनेक त्या राज्यात राहतही नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोरिवलीत माजी नगरसेवकावर समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याचे नव्हतेच, त्याच्या अंगरक्षकाचे होते, आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. त्याआधी जेमतेम आठवडाभर उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला; आरोपी सत्ताधारी पक्षाचा आमदार, शस्त्र परवान्याचे. या दोन्हींतले एकही शस्त्र प्रतिबंधित नव्हते. राज्याचा कडकातला कडक 'प्रतिबंधित शस्त्र' कायदा असता तरी या दोन्ही खोल्यांच्या दारातून ती पिस्तुले आत गेलीच असती.

बीडचेही तसेच. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला, तो बाराशेच्या वर. शेजारच्या परभणीत पन्नासही नाहीत. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती, त्यांना पळवून नेऊन मारहाणीत ठार केले होते. तरी वाद परवान्यांवर पेटला, आणि माझ्या मते योग्यच पेटला, कारण दोन लागून असलेल्या जिल्ह्यांत एकाच कायद्याच्या एकाच कलमाखाली इतका फरक पडतो तेव्हा त्याचे कारण कायद्यात नसते. बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीच्या माणसापेक्षा पंचवीसपट धोका आहे, असे कुणी म्हणेल का? आणि असेलच, तर धोका कुणापासून? गवगवा झाल्यावर प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. म्हणजे ते रद्द करता येत होते. कलम १७ तेव्हाही होते. गवगव्याची वाट का पाहिली?

आता दुसऱ्या बाजूकडे. परवाने सैल करा म्हणणाऱ्यांचाही एक मुद्दा खरा आहे. गुन्ह्यांत सापडणारी बहुतेक शस्त्रे बिनपरवान्याची असतात. चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशात उमर्टीच्या भट्ट्यांत पिस्तुले घडतात आणि जळगाव, पुणे, मुंबईच्या पोलिसांच्या पंचनाम्यांत उमर्टीचे नाव वर्षानुवर्षे येते. मुंगेरचे तर घराणेच जुने, मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे बंदुकांचा कारखाना काढला होता. तेव्हा परवानाधारकाला छळून काय होणार, असे ते विचारतात. उत्तर काडतुसात आहे. कट्टा भट्टीत होतो, चांगले काडतूस भट्टीत होत नाही. त्याला ठिणगी पाडणारी टोपी लागते, धूरविरहित दारू लागते, मापात ओतलेली गोळी लागते. गावठी पिस्तुले मुख्यतः .३२ च्या काडतुसाभोवतीच का घडवली जातात? कारण परवान्याच्या बाजारात तेच काडतूस आहे. 'सरावात संपली' असे लिहून दाखवलेली काडतुसे आणि दुकानदाराच्या वहीतली काडतुसे यांचा हिशोब लागत नाही, तिथून उमर्टीची भट्टी पेटते. परवाने वाढवा म्हणजे सज्जन सुरक्षित होतील, हे म्हणताना त्याच सज्जनाच्या कोट्यातली किती काडतुसे कट्ट्यात जातील याचाही अंदाज सांगा.

बायकांच्या संरक्षणाचा मुद्दा निघतो. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून हलके .३२ रिव्हॉल्व्हर काढले, किंमत लाखाच्या वर. जिला रात्री दहाच्या लोकलमधून एकटे उतरायचे आहे तिला ते परवडत नाही, आणि जिला परवडते ती लोकलने येत नाही. यापुढे या मुद्द्यावर काही बोलावेसे वाटत नाही.

माझ्या मामांकडे तळकोकणात एक ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, आजोबांपासूनचा. नळीत दारू ठासा, छर्रे घाला, वर काथ्याचा बोळा मारा, मग एक बार निघतो आणि तोवर माकडे पलीकडच्या बागेत पोचलेली असतात. या शस्त्राने दरोडा घालायचा तर दरोडेखोराला आधी घरमालकाची परवानगी घेऊन पाच मिनिटे मागावी लागतील. तरी प्रत्येक निवडणुकीला मामा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. वर्षातले दोन-तीन महिने बंदूक ठाण्यात आणि रानडुकरे भातात. सरसकट शस्त्रे जमा करू नका, छाननी समितीने माणूस बघून ठरवावे, असे उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. पण माणूस बघायचा म्हणजे वही उघडायला हवी, चौकशी करायला हवी. त्यापेक्षा सगळ्यांना एक नोटीस काढणे सोपे. मामांची ठासणीची जमा होते, कारण मामा नोटीस आली की जातात. ज्याच्याबद्दल खरी भीती आहे त्याचा परवाना वेगळ्या राज्यातला असतो किंवा त्याच्याकडे 'जिवाला धोका' असल्याचे पत्र असते.

हे पत्र कुठून येते, हा खरा राज्याचा प्रश्न. कलम १३ खाली ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो, कलम १४ खाली नकार दिला तर कारणे लेखी द्यावी लागतात, आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. नाकारलेल्याला कलम १८ खाली अपील. २०२५ मध्ये पुणे पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्र्यांपुढच्या अपिलात मंजूर झाला. अर्जदार एका कुख्यात गुंडाचा भाऊ निघाला आणि गदारोळ झाला. त्याच्यावरचे खटले न्यायालयात टिकले नव्हते, ही मंत्र्यांची बाजू, आणि ती कायद्याच्या दृष्टीने पोकळ म्हणता येणार नाही. पण नकार देताना कायदा लेखी कारणे मागतो, तितकीच सविस्तर कारणे होकार देताना कोण लिहितो? लिहिली तर वाचायला कुणाला मिळतात? नकाराचा कागद अर्जदाराच्या हातात पडतो. होकाराचा कागद तुमच्या-माझ्या जिवाशी निगडित आहे आणि तो फायलीत जातो.

तेव्हा राज्य सरकारला नवा कायदा मागू नका, आहे त्या कायद्यातल्या चार गोष्टींचा हिशोब मागा. कुठल्या जिल्ह्यात कोणत्या कारणासाठी किती परवाने आहेत, दरवर्षी किती दिले आणि किती रद्द केले. अपिलात किती नकार उलटले आणि कोणत्या कारणाने. परराज्यातला परवाना घेऊन इथे राहणाऱ्या किती अंगरक्षकांनी ठाण्यात नोंद केली. आणि कट्ट्याचे किती खटले मंजुरीच्या कागदावाचून पडले. शेवटची गोष्ट थोडी समजावून सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. एके-४७ सापडली तर ते कलम ७ चे प्रकरण, थेट खटला चालतो. बिनपरवाना कट्टा सापडला तर ते कलम ३ चे प्रकरण, आणि कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी असल्याशिवाय खटलाच उभा राहत नाही. म्हणजे ज्या शस्त्राने महाराष्ट्रात रोजची माणसे मरतात, त्याच्या खटल्याची किल्ली परवाने देणाऱ्या त्याच कार्यालयात आहे. तिथे किती मंजुऱ्या किती महिने पडून असतात, याची बातमी कुठल्या वाहिनीवर पाहिल्याचे मला आठवत नाही.